तार जोडली, दिवा लागला. पण माल पोचतो का?

नेटवर्क कार्ड व केबल यांची पॅकेट जनरेटरने तपासणी : कारागिरांसाठी एक पाठ

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत वायरमनचे काम करणारे आपले बरेच तरुण आता कॅमेरे बसवणे, दुकानात बिलिंगचे संगणक जोडणे आणि नेटवर्कची केबल ओढणे ही कामेही घेऊ लागले आहेत. नेरळपासून चौकपर्यंत फार्महाऊस आणि रिसॉर्ट उभे राहिले, खोपोली-सावरोलीकडे कारखाने व गोदामे आहेत, त्यामुळे कामाला तोटा नाही. तोटा होतो तो वसुलीत. काम पूर्ण होते, अर्धी रक्कम हाती पडते आणि उरलेली "नेट स्लो आहे" या तीन शब्दांवर अडकते. या तीन शब्दांना उत्तर द्यायचे तर तोंडी वाद उपयोगाचा नाही, मोजमाप पाहिजे. ते मोजमाप कसे घ्यावे हे या लेखात सांगायचे आहे.

आमच्याच एका कामापासून सुरुवात करतो. चौकच्या बाजूला एका फार्महाऊसवर आम्ही बारा कॅमेरे, एक रेकॉर्डर, ऑफिसचा एक संगणक आणि गेटपर्यंतची केबल असे काम केले होते. सत्तावीस हजार रुपये बाकी होते. मालकाच्या तक्रारी तीन होत्या. ऑफिसच्या संगणकावर रेकॉर्डिंग उतरवून घ्यायला फार वेळ लागतो, गेटचा कॅमेरा मध्येच थांबतो, आणि इंटरनेट चालत नाही. आम्ही टेस्टर लावून दाखवला. सगळे दिवे हिरवे. पिंग करून दाखवले, चारपैकी चार उत्तरे आली. शेठ शांतपणे म्हणाले, "दिवा लागतो ते मलाही दिसतं. काम होत नाही त्याचं काय?"

त्यांचे म्हणणे बरोबर होते. बाजारात मिळणारा साधा दिव्यांचा टेस्टर आठ तारा या टोकापासून त्या टोकापर्यंत जोडल्या आहेत एवढेच सांगतो. पिंग सेकंदाला एक छोटे पॅकेट पाठवते. रस्त्यावरून रात्री एक सायकल सुखरूप गेली म्हणून त्या रस्त्यावरून दिवसभर ट्रक जातील असे कोणी म्हणत नाही. नेटवर्कचे बहुतेक दोष भार पडल्यावरच बाहेर येतात. म्हणून मुद्दाम, मोजून, ठरावीक आकाराची पॅकेट भराभर सोडणारे साधन लागते. त्यालाच पॅकेट जनरेटर म्हणतात. एका टोकाला किती सोडली, दुसऱ्या टोकाला किती पोचली आणि वाटेत किती फाटली, हा हिशेब मांडला की दोष कोणाचा ते दिसू लागते.

वजन वेगळे आणि नग वेगळे

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण पुष्कळ जाणते मेकॅनिकही इथे चुकतात. एक गिगाबिटचे कार्ड म्हणजे सेकंदाला शंभर कोटी बिट वाहून नेणारे कार्ड. पण हे बिट पॅकेटमध्ये बांधून जातात, आणि पॅकेट लहानही असते, मोठेही असते. नेहमीच्या ईथरनेटमध्ये सर्वांत लहान फ्रेम ६४ बाइटची आणि सर्वांत मोठी १५१८ बाइटची. प्रत्येक फ्रेमबरोबर सुरुवातीची खूण ८ बाइट आणि दोन फ्रेममधली सक्तीची मोकळी जागा १२ बाइट, असे २० बाइट वरखर्चात जातात.

आता हिशेब करा. लहान फ्रेम ६४ अधिक २० म्हणजे ८४ बाइट, म्हणजे ६७२ बिट. शंभर कोटीला ६७२ ने भागले की सेकंदाला १४,८८,०९५ फ्रेम येतात. मोठी फ्रेम १५१८ अधिक २० म्हणजे १५३८ बाइट, म्हणजे १२,३०४ बिट; सेकंदाला ८१,२७४ फ्रेम. तार तीच, वेग तोच, पण नगांची संख्या अठरा पटींनी वेगळी.

खालापूरच्या टोलनाक्याचे उदाहरण घ्या. शंभर टन माल दहा ट्रकमधून आला तर नाक्यावर दहा वेळा दांडा उचलावा लागतो. तोच माल दोनशे टेम्पोंतून आला तर दोनशे वेळा. मालाचे वजन सारखेच, नाक्याचे काम वीसपट. संगणकाचे तसेच आहे. प्रत्येक पॅकेट आले की कार्डाला ते उतरवून घ्यावे लागते आणि प्रोसेसरला त्याची दखल घ्यावी लागते, मग ते पॅकेट लहान असो की मोठे. म्हणून मोठ्या पॅकेटवर पूर्ण वेग दाखवणारा साधा संगणक लहान पॅकेटच्या माऱ्यात मागे पडतो. त्यात कार्डाचा दोष असतोच असे नाही. रेकॉर्डिंग उतरवण्यासारख्या कामात मोठीच पॅकेट असतात, तिथे ही कमतरता कधी जाणवतही नाही. गिऱ्हाइकाचे काम कोणत्या आकाराचे आहे ते आधी विचारावे, मग तपासणी करावी.

या क्षेत्रात मोजणीची शिस्त घालून देणारा एक दस्तऐवज मार्च १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला आरएफसी २५४४ म्हणतात. त्यात ६४, १२८, २५६, ५१२, १०२४, १२८० आणि १५१८ असे फ्रेमचे सात आकार दिले आहेत, आणि प्रत्येक मोजणी निदान ६० सेकंद चालावी असे म्हटले आहे. एकही फ्रेम न गमावता जो सर्वांत जास्त वेग मिळतो तोच खरा वेग, अशी त्याची व्याख्या आहे. हा दस्तऐवज मुळात मोठ्या प्रयोगशाळांत स्विच आणि राउटर पारखण्यासाठी आहे, पण त्याची शिस्त आपल्यालाही लागू पडते. दहा सेकंद चालवून "बघा, चालतंय" म्हणणे ही तपासणी नव्हे.

साधने कोणती

खर्चाची भीती बाळगू नये. दोन लॅपटॉप, ज्यांना गिगाबिटचा पोर्ट आहे असे, आणि लिनक्स भरलेले दोन पेनड्राइव्ह पुरेत. पेनड्राइव्हवरून संगणक चालू केला की गिऱ्हाइकाच्या डिस्कला हातही लागत नाही, आणि "तुम्ही आलात आणि माझा डेटा गेला" हा आरोपही येत नाही.

पहिले साधन आयपर्फ-३. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या ईएसनेट या जाळ्याच्या लोकांनी ते सांभाळले आहे आणि ते फुकट आहे. एका संगणकावर ते ऐकणारा म्हणून बसते, दुसऱ्यावरून माल पाठवते. टीसीपी पद्धतीने चालवले तर सुस्थितीतील गिगाबिट जोडणीवर ९४० मेगाबिटच्या आसपास आकडा येतो. हजार येत नाही, कारण वरखर्च वजा होतो. शंभर मेगाबिटच्या जोडणीवर ९४ च्या आसपास. हे दोन आकडे पाठ करून ठेवावेत. गिगाबिटच्या ठिकाणी बरोबर ९४ दिसला तर जोडणी खालच्या वेगावर उतरली आहे हे तत्काळ ओळखता येते.

या साधनात एक खाच आहे. यूडीपी पद्धतीने चाचणी घेताना वेग सांगितला नाही तर ते आपोआप फक्त एक मेगाबिटने पाठवते. एक मेगाबिट कोणत्याही फाटक्या तारेवरून जातो. मग शून्य टक्के गळती पाहून आपण खूश होतो आणि दोष जागेवरच राहतो. वेग नेहमी स्वतः द्यावा.

दुसरे साधन पॅकेटजेन. हे लिनक्सच्या गाभ्यातच असते. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाचे रॉबर्ट ओल्सन यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे, आणि २००५ मध्ये ओटावा येथील लिनक्स परिषदेत त्यावर निबंध वाचला गेला. आयपर्फ हे नेहमीच्या मार्गाने, म्हणजे प्रोग्रामपासून कार्डापर्यंतच्या सर्व पायऱ्या उतरून पॅकेट पाठवते; पॅकेटजेन मधल्या पायऱ्या गाळून थेट कार्डाच्या दाराशी पॅकेट ठेवते. लहान फ्रेमचा खरा मारा करायचा तर हेच लागते. त्यात आकार ६० लिहावा, कारण शेवटचे तपासणीचे ४ बाइट कार्ड स्वतः जोडते आणि मग ६४ होतात.

ज्यांना काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करणे जमत नाही त्यांच्यासाठी ऑस्टिनाटो आहे. बंगळुरूच्या श्रीवत्स पी. यांनी २०१० मध्ये ते लोकांसमोर आणले. चौकटीत आकडे भरून पॅकेट तयार करता येते. तयार प्रत विकत घ्यावी लागते, पण शिकण्याच्या दृष्टीने तो खर्च वाया जाणारा नाही. पॅकेटच्या पोटात काय असते हे त्यात डोळ्यांनी दिसते.

आधी तराजू तपासा

दुकानदार दरवर्षी वजनकाट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का मारून घेतो. आपण मात्र तपासणीचे लॅपटॉप न तपासता दुसऱ्याचा माल तोलायला निघतो. कामावर जाण्यापूर्वी दोन लॅपटॉप एका मीटरभराच्या चांगल्या केबलने थेट जोडावेत आणि एक मिनिट दोन्ही दिशांनी चाचणी घ्यावी. ९४० आला तर तराजू खरा. लॅपटॉपला पोर्ट नसेल आणि यूएसबीचे अडॅप्टर लावत असाल तर ते निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या खाचेतच लावा. जुन्या यूएसबी २ ची कमाल मर्यादाच ४८० मेगाबिट आहे आणि हाती त्याहून बरेच कमी येते. चार्जर लावलेला ठेवा, कारण बॅटरीवर लॅपटॉप हात आखडता घेतो.

आणि वाय-फाय बंद करा. हे लिहिताना मला हसू येते, पण सुरुवातीच्या काळात मी एका गोदामात तासभर केबल तपासत होतो आणि सगळी पॅकेट वाय-फायने जात होती. केबल काढून हातात घेतली तरी चाचणी चालूच राहिली तेव्हा लक्षात आले.

आता फार्महाऊसकडे वळू. पहिली तक्रार, ऑफिसच्या संगणकाची. त्या संगणकाच्या जागी आमचा लॅपटॉप लावला, दुसरा रेकॉर्डरच्या जागी स्विचवर. आकडा आला ९४. कार्ड गिगाबिटचे, स्विच गिगाबिटचा, मग शंभरावर का उतरले? याचे कारण तारांत असते. शंभर मेगाबिटला चारपैकी दोनच जोड्या लागतात, १-२ आणि ३-६. गिगाबिटला चारही लागतात. उरलेल्या दोन जोड्यांपैकी एखादी नीट नसेल तर पुष्कळ उपकरणे मुकाट्याने शंभरावर उतरतात. दिवा लागलेलाच राहतो. मग आमच्या टेस्टरचे सगळे दिवे हिरवे कसे? कारण तो बारीक प्रवाह सोडून पाहतो, अर्धवट तुटलेली तारही त्याला चालते. केबल पाइपातून ओढून काढली तेव्हा फर्निचरवाल्याचा एक खिळा निळ्या जोडीत शिरलेला सापडला. आम्ही काम संपवून गेल्यानंतर लाकडी पट्टी बसवली होती. हा दोष आमचा नव्हता, आणि आता ते दाखवता येत होते.

दुसरी तक्रार, गेटचा कॅमेरा. इथे टीसीपीची चाचणी न घेता यूडीपीने ९० मेगाबिटचा मारा एक मिनिट केला. साडेचार लाखांहून अधिक पॅकेट गेली, त्यांतली नऊ हजारांवर हरवली. शंभरात दोन. आता हरवली कुठे?

याच ठिकाणी या विद्येचा खरा उपयोग आहे, म्हणून सावकाश वाचा. प्रत्येक नेटवर्क कार्ड आपल्या पोटात मोजणी ठेवते. लिनक्समध्ये ईथटूल ही आज्ञा ती दाखवते. चाचणीपूर्वीचे आणि नंतरचे आकडे लिहून वजाबाकी करावी. सीआरसी त्रुटी वाढल्या असतील तर पॅकेट पोचले, पण फाटून पोचले. दोष बहुतेक वेळा तारेत, कनेक्टरमध्ये किंवा त्या पोर्टमध्ये असतो. सीआरसी शून्य आहे पण सोडून दिलेल्या, म्हणजे ड्रॉप किंवा मिस्ड नावाच्या पॅकेटची संख्या वाढली, तर माल धडधाकट आला होता, उतरवून घ्यायला संगणकाला सवड मिळाली नाही. तारेला बोल लावू नये. दोन्ही शून्य आहेत आणि तरी पॅकेट कमी आहेत, तर ती मधल्या स्विचमध्ये गेली किंवा स्विचपर्यंत पोचताना फाटली; तेव्हा स्विचची मोजणी पाहावी, आणि साध्या स्विचला ती नसते म्हणून स्विच बाजूला काढून थेट जोडून पुन्हा चाचणी घ्यावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. केबल आणि कार्ड दोन्ही एकदम बदलणारा माणूस दोष घालवतो, पण दोष कशात होता हे त्याला कधीच कळत नाही आणि बिलावर काय लिहावे तेही कळत नाही.

एखाद-दुसऱ्या त्रुटीने घाबरू नये. तांब्याच्या तारेवरील गिगाबिटच्या मानकातच एक हजार कोटी बिटांमागे एक चूक क्षम्य धरली आहे. हजारांनी त्रुटी मात्र क्षम्य नाहीत.

आमच्या गेटच्या तारेवर सीआरसी हजारांनी वाढल्या होत्या. कनेक्टर नवे ठोकले, फरक नाही. मग केबलच्या अंगावर दर मीटरला छापलेले आकडे पाहिले. एका टोकाला २११, दुसऱ्या टोकाला ९३. वजाबाकी ११८. तांब्याच्या अशा तारेला १०० मीटरची मर्यादा आहे हे आम्हाला माहीत होते. झाडाला वळसा घालून तार नेताना मोजायचे राहिले. चूक आमची, दुसऱ्या कोणाची नव्हे. तिथे फायबर आणि दोन कन्व्हर्टर आमच्या खर्चाने बसवून दिले.

तिसऱ्या तक्रारीला दहा मिनिटे लागली. घरातल्या घरात सर्व जोडण्या स्वच्छ निघाल्या, म्हणजे मंदपणा राउटरच्या बाहेरच्या लाइनवर. तो विषय मालक आणि इंटरनेट देणारा यांच्यातला. शेठनी कागद वाचला, खिळ्याची केबल बदलण्याचे वेगळे पैसे मान्य केले आणि बाकी त्याच आठवड्यात चुकती केली.

केबल घेताना

मुंबईला लॅमिंग्टन रोडवर गेलो की स्वस्त केबलचा मोह होतो. ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल तांब्याच्या नावाने खपवली जाते. ब्लेडने तार खरवडा. आत पांढरी चमक दिसली तर ती केबल ठेवून द्या. खोकेही हलके लागते आणि तार दोन-चारदा वाकवली की तुटते. अशा केबलचा विद्युतरोध जास्त असतो, त्यामुळे त्याच तारेतून वीज घेणाऱ्या कॅमेऱ्याला लांबवर दाब कमी पडतो, आणि जास्त भारावर तार तापते. नव्या खोक्यातली केबल कापण्याआधी दोन्ही टोकांना तात्पुरते कनेक्टर लावून जनरेटर चालवण्याचा मोह होईल, पण पूर्ण खोके ३०५ मीटरचे असते, त्यावर कोणतीच केबल पास होणार नाही. नव्वद मीटरचा तुकडा कापून त्यावर पाहावे.

जुनी, वापरलेली कार्डे विकत घेणाऱ्यांनी अर्धा तास तरी सलग मारा करून पाहावे. थंड कार्ड चांगले चालते. काही कार्डे तापल्यावर गळू लागतात. आपल्याकडे पावसाळ्यात घाटाकडून येणारी ओल आणि मे व ऑक्टोबरातली वीज, या दोन्ही गोष्टी पोर्ट खातात. वीज पडल्यानंतर पोर्ट पूर्ण मरतो तेव्हा बरे, तो अर्धमेला राहतो तेव्हा त्रास होतो, कारण दिवा लागतो, पिंग चालते आणि बिल मात्र अडकते. अशा पोर्टवर भार टाकला की सीआरसीचा आकडा स्वतःच बोलतो.

आणखी एक जुना रोग म्हणजे एका बाजूचा पोर्ट शंभर पूर्ण-दुहेरी असा हाताने बांधलेला आणि दुसऱ्या बाजूचा आपोआप ठरवणारा. आपोआप ठरवणाऱ्याला समोरून उत्तर मिळत नाही, तो अर्ध-दुहेरी धरतो. हलक्या कामात काहीच कळत नाही; दोन्ही दिशांनी मारा करताच वेग कोसळतो. कारखान्यातल्या जुन्या यंत्रांच्या पोर्टवर हे आवर्जून पाहावे.

हत्यार जपून वापरा

जनरेटर हे तपासणीचे साधन आहे तसेच नासधुशीचेही आहे. पॅकेटजेनमध्ये समोरच्या कार्डाचा हार्डवेअर पत्ता चुकला तर स्विचला तो पत्ता माहीत नसतो आणि तो सगळी पॅकेट सर्व पोर्टवर उधळतो. पत्ता बरोबर असला तरी घेणारा संगणक स्वतः काहीच बोलला नाही तर स्विच त्याला विसरतो. पुष्कळ स्विचमध्ये ही मुदत ३०० सेकंद असते. पाच मिनिटे चाचणी छान चालते आणि सहाव्या मिनिटाला सगळ्या दुकानाचे बिलिंग बंद पडते. म्हणून घेणाऱ्या बाजूने अधूनमधून पिंग चालू ठेवावे, आणि शक्य तर चालू धंद्याच्या वेळी मारा करूच नये.

राउटरच्या पलीकडे, म्हणजे इंटरनेटवर, एकही पॅकेट या साधनाने सोडू नये. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ प्रमाणे मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याचे नेटवर्क विस्कळीत करणे किंवा अधिकृत माणसाला त्याचा वापर नाकारला जाईल असे करणे यासाठी भरपाई द्यावी लागते. गिऱ्हाइकाच्या जागेतही तारीख, वेळ आणि कोणत्या तारा तपासणार हे लिहून त्याची सही घ्यावी.

काम छोटे आहे म्हणून ही शिस्त आपल्यासाठी नाही असे समजू नये. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस डिशची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिथेही आकाशातून आलेले संकेत अंकांत बदलून १० गिगाबिट ईथरनेटवरून पॅकेटच्या रूपाने संगणकांकडे जातात. फाटलेले पॅकेट तिथेही फाटलेलेच असते.

चाचणीचा कागद कसा असावा हे पुष्कळजण विचारतात. एक पान पुरते. तारीख आणि जागा, तारेचा क्रमांक आणि अंगावरच्या आकड्यांवरून लांबी, जोडणी किती वेगावर लागली, दोन्ही दिशांचा टीसीपी वेग, यूडीपीने किती वेगाने किती सेकंद पाठवले, किती गेली आणि किती हरवली, सीआरसी आणि ड्रॉपचे आधीचे व नंतरचे आकडे. खाली दोघांच्या सह्या. काम सोपवण्याच्या दिवशीच हा कागद करावा, तक्रार आल्यावर नव्हे. आम्ही चौकच्या कामाच्या वेळी तो केला असता तर खिळा नंतर ठोकला गेला हे सिद्ध करायला केबल ओढून काढावी लागली नसती, आणि गेटची ११८ मीटरची तार पहिल्याच दिवशी सापडली असती. एक प्रत गिऱ्हाइकाच्या रेकॉर्डरच्या कपाटात आतल्या बाजूला चिकटवून ठेवावी, दुसरी आपल्या फायलीत.